काम नसताना निघालेल्या दोघी
(पिंपळनेर येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मला इथे वारसाहक्कावर बोलायला सांगितलं आहे. पण मी सुरुवात एका प्रवासापासून करणार आहे. मागच्या भाद्रपदात मी आणि माझी धाकटी बहीण चार दिवस फिरायला गेलो. कुणाचं लग्न नव्हतं, कुणाची दहावा-तेरावी नव्हती, नवसही नव्हता.

आई होती तोवर आम्ही आखाजीला माहेरी भेटायचो. झोका, गौराई, आमरस आणि रात्रभर गप्पा. २०२२ साली आई गेली. त्यानंतर लक्षात आलं की आम्हा बहिणींना भेटायला जागाच उरली नाही. तिच्या घरी गेले तर ती चुलीपाशी, माझ्याकडे आली तर मी चुलीपाशी. म्हणून ठरवलं, दोघींपैकी कुणाचंच घर नाही अशा ठिकाणी भेटायचं.

घरी पहिला प्रश्न आला, "पोळ्या कोण करील?" दुसरा, "सोबत कोण आहे?" मी म्हटलं, "बहीण आहे." "ते झालं, पण सोबत कोण?" म्हणजे दोन बायका मिळून सोबत होत नाही! १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पण अर्धं तिकीट सरकारने दिलं तरी घराबाहेर पडायची पूर्ण परवानगी घरातूनच काढावी लागते.

ती सटाण्याकडून आली, मी शेलबारी घाट उतरून ताहाराबादला गेले. बसमध्ये ओळखीच्या एका म्हाताऱ्या आजीने विचारलं, "तठे काय काम शे?" मी म्हटलं, "काम काहीच नही, देखाले जाई राह्यनूत." आजी गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मी कधीच नही गयी."

मांगी-तुंगीचे दोन सुळके आपण लहानपणापासून लांबून पाहतो. जवळ जाऊन पाहिलं ते पहिल्यांदा. २०१६ साली तिथे ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती झाली, एकाच कातळात कोरलेली. तिची कल्पना एका साध्वीची, ज्ञानमती माताजींची. पायऱ्या चढताना आम्ही दहा वेळा बसलो. समोर साल्हेरचा डोंगर. कळसूबाईनंतर महाराष्ट्रात उंचीला तोच, १५६७ मीटर. २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत तो किल्ला गेला. इतक्या जवळचं हे वैभव, आणि आमच्या वाट्याला आलं ते साठीच्या उंबरठ्यावर.

रात्री पायथ्याच्या धर्मशाळेत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. सकाळी बस पुन्हा पिंपळनेरवरून जाणारी. ती इथल्या स्टँडवर थांबली. घर दहा मिनिटांवर. मनात आलं, उतरून जरा पाहून यावं, दूध तापवलं असेल का. बहिणीने माझा हात धरून ठेवला. मैत्रिणींनो, सगळ्या प्रवासातला सर्वांत अवघड घाट तोच होता.

साक्रीवरून नंदुरबारच्या वाटेला छडवेलच्या माळावर पवनचक्क्या लागल्या. या भागात काळ्या दगडांच्या लांबच लांब भिंती दिसतात. लोक म्हणतात राक्षसांनी बांधल्या. खरं तर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमध्ये लाव्हा भरून थिजला. भोवतीचं झिजून गेलं, आतलं टणक उभं राहिलं. पुढे प्रकाशाला तापी ओलांडून शहाद्याला माझ्या वसतिगृहातल्या मैत्रिणीकडे पोचलो. तिने "कशाला आलात?" विचारलं नाही. "किती दिवस आहात?" एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी तिघी तोरणमाळला गेलो. सातपायरीचा घाट, यशवंत तलाव, धुक्यात हरवलेली सीताखाई. मैत्रीण सांगत होती, १९७२ पासून याच शहादा भागात श्रमिक संघटनेच्या चळवळीत आदिवासी बायका उभ्या राहिल्या, गावोगावी दारूची मडकी फोडत गेल्या. तेव्हा सीताखाईच्या काठावर बसून माझी बहीण पहिल्यांदा बोलली. पर्समधून तिने घडी घातलेला कागद काढला. हक्कसोडपत्र. भावाने सहीसाठी पाठवलेलं. ती दोन महिने तो घेऊन फिरत होती, एकटी.

वडील २००९ साली गेले. २०१० साली असंच एक हक्कसोडपत्र मी सही करून दिलं. वाचलंही नाही. "माहेर तुटेल" एवढंच डोक्यात. १९९४ साली महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क मिळाला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना नाही. माझं लग्न १९८९चं. म्हणून मला वाटायचं, कायदा माझा नाहीच. पण २००५ सालच्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली, मुलगी जन्मानेच मुलाइतकी वाटेकरी झाली. ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याचीही गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितलं. मी सही केली तेव्हा कायदा माझ्या बाजूचा झालेला होता. मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तिला मी "सही करू नकोस" असं म्हटलं नाही. माझ्या सहीची गोष्ट सांगितली. ती तिला पंधरा वर्षांत मी कधी सांगितली नव्हती, कारण आम्हाला एकटं बसायला मिळालंच नव्हतं. ती म्हणाली, "सही केली तर माहेर राहील. पण ताई, आपलं माहेर आत्ता कुठे आहे?" तिने कागद पुन्हा पर्समध्ये ठेवला.

अजून तिने सही केलेली नाही. भाऊ रुसलेला आहे. या भाऊबिजेला फोन आला नाही. तिला रडू आलं, मलाही. हे सोपं आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही.

पण एक विनंती आहे. असा कागद आला तर एकटीने सही करू नका. आधी बहिणीला मोठ्याने वाचून दाखवा. आणि बहिणीला गाठायला लग्नाची किंवा मरणाची वाट पाहू नका. पिंपळनेर स्टँडवर बस लागलेली असते. काहीही काम नसताना एकदा तिच्यात बसा.