काडतूस कोणी भरले?



आजच्या व्याख्यानाचा विषय बाहेरच्या फळ्यावर लिहिला गेला, ‘घरगुती काडतुसे आणि ती भरण्याची प्रेस’, आणि तासाभरातच बाजारपेठेतील एका ओळखीच्या अडत्याने मला गाठले. म्हणाले, “ही नवी प्रेस कोणत्या जिनिंगमध्ये बसवली?” दोष त्यांचा नाही. सेलूत प्रेस म्हणजे कापसाची गठाण बांधणारी प्रेस. मी ज्या प्रेसबद्दल बोलणार आहे ती टेबलाच्या कडेला बसते, एका हाताने चालते आणि तिच्यातून निघणारा माल अंगठ्याएवढा असतो. मात्र गठाण सैल बांधली गेली तर फार तर व्यापाऱ्याचे नुकसान होते. येथे चूक झाली तर माणसाचा हात जातो.

मी शिकारी नव्हे. आयुष्य लेथवर गेले. या विषयाकडे वळलो तो आमच्या घरातील एका हातामुळे. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, त्यांना आम्ही थोरले आबा म्हणत असू, त्यांच्या डाव्या हाताला दोनच बोटे होती. दुधनाकाठी आमचे शेत. हुरड्याच्या दिवसांत रानडुकरे येत, म्हणून घरात एक ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू घालायची, चिंधी कोंबायची, छर्रे सोडायचे, वर पुन्हा चिंधी, गजाने ठासायचे आणि मागे टोपी बसवायची. एके संध्याकाळी आबांनी बंदूक भरून माचणावर ठेवली. डुकरे आली नाहीत. दुसऱ्या दिवशी सालगड्याने, मालकाला तयार मिळावी या सद्भावनेने, तीच बंदूक पुन्हा भरली. रात्री आबांनी चाप ओढला आणि नळी फाटली.

दारू वाईट नव्हती, बंदूकही जुनाट नव्हती. प्रश्न एवढाच होता की नळीत काय आहे हे भरणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि उडवणाऱ्यालाही नव्हते. ही गोष्ट आमच्याच गावची असे समजू नका. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६३ साली, गेटिसबर्गच्या रणांगणावर टाकून दिलेल्या बंदुका गोळा केल्या तेव्हा हजारो बंदुकांत एकावर एक असे दोन किंवा अधिक बार ठासलेले निघाले. गोंधळात शिपायाला बार उडाला की नाही हेच कळले नव्हते.

ही अडचण सोडवली ती काडतुसाने. आधी कागदाचे काडतूस आले. दातांनी तोडावे लागणाऱ्या त्या चरबीच्या काडतुसाने १८५७ साली काय घडवले ते आपणां सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच पितळी काडतूस आले आणि टोपी, दारू व गोळी एकाच नळकांड्यात बसली. १८६९ साली पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. तो आजही चालू आहे आणि २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. आपल्याकडच्या परवानेदारांनी वापरलेले बारा बोअरचे ‘शक्तिमान’ काडतूस खडकीचेच.

आता बार उडाल्यावर गोळी जाते, दारू जळते, टोपी ठेचते. पण पितळेची पुंगळी शाबूत राहते. काडतुसात सर्वांत महाग भाग तोच. मग ती टाकायची कशाला, हा विचार काटकसरी माणसाला सुचणारच. तो पाश्चात्यांना फार लवकर सुचला. १८८४ साली जॉन बार्लो नावाच्या गृहस्थाने अमेरिकेत अडकित्त्यासारखे एक हत्यार विकायला काढले. त्याने जुनी टोपी काढता येई, नवी बसवता येई आणि गोळी दाबता येई. आजच्या साऱ्या प्रेसचा आजा तोच अडकित्ता.

पितळच का, याचे उत्तर येथील कोणताही तांबट देईल. बाराच्या दाबाने पुंगळी फुगते, बंदुकीच्या खोलीला घट्ट चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की किंचित आकसते, म्हणून बाहेर निघते. पण दर वेळी फुगवून आणि साच्यात दाबून पितळ कडक होत जाते. तांबट भांडे ठोकताना मधून मधून तापवून घेतो तो याचसाठी. न तापवलेल्या पुंगळीच्या मानेला पाचसात वेळा भरल्यावर बारीक चीर दिसू लागते. ती ज्याला दिसत नाही त्याने या उद्योगात पडू नये.

प्रत्येक पुंगळी पुन्हा भरता येते असेही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली. या दोघांचे काडतूस बावीस बोअरचे. त्यात वेगळी टोपी नसते. पेटणारा मसाला पुंगळीच्या कडेच्या दुमडीत भरलेला असतो आणि घोडा ती दुमड ठेचतो. ती पुंगळी एकदाच कामाची. मोठ्या काडतुसाची टोपी बुडाच्या मध्यभागी असते. तेथेही एक गंमत आहे. एक टोपी इंग्रज कर्नल बॉक्सरची, दुसरी अमेरिकन बर्डनची. दोन्ही १८६६च्या सुमाराच्या. बॉक्सरच्या पुंगळीला मधोमध एक भोक असते, आतून खिळा घातला की टोपी निघते. बर्डनच्या पुंगळीला बाजूला दोन भोके, तेथे खिळा लागत नाही. पुढे इंग्रजाची टोपी अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची युरोपने. अमेरिकेत घरोघरी काडतुसे भरण्याचा छंद वाढला, त्यामागे हे एक भोकही आहे.

तो छंद मी २०१३च्या उन्हाळ्यात ओहायोत, मुलीच्या शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये पाहिला. त्या वर्षी तेथे दुकानांत काडतुसांची टंचाई होती. शेजारी निवृत्त यंत्रकामगार, त्यामुळे भाषेवाचूनच आमची गट्टी जमली. त्यांची जुनी प्रेस ओतीव लोखंडाची, एका वेळी एकच साचा घेणारी. पन्नास पुंगळ्या घ्यायच्या. सर्वांच्या टोप्या काढून त्या मापात दाबायच्या. मग सर्वांना नव्या टोप्या. मग प्रत्येकीत तराजूने तोललेली दारू. तोलायचे माप ग्रेन. आपल्या सोनाराची गुंज दोन ग्रेनांहून किंचित कमी भरते, म्हणजे हे काम सोनारकामाइतके बारीक आहे. दारू भरून झाली की सर्व पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून वरून दिवा धरायचा आणि पन्नासही तोंडांत डोकावायचे. एखादीत पातळी वर वा खाली दिसली की ती बाजूला. मगच गोळी. तासाला पन्नास-साठ काडतुसे होत.

दारूचे डबे मात्र ते घरात ठेवीत नसत. अंगणाच्या टोकाला वेगळे लाकडी कपाट होते. मला रामचंद्रपंत अमात्यांची आज्ञापत्रे आठवली. किल्ल्यावरचा दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा, ही ताकीद त्यांत तीनशे वर्षांपूर्वी दिलेली आहे.

त्याच मुक्कामात त्यांनी नवी प्रेस घेतली. हिच्यात साचे एका ओळीत नसून चक्राकार. खालची तबकडी दर ओढीला एक घर पुढे सरकते. दांडा एकदा ओढला की एकीची टोपी निघते, दुसरीत दारू पडते, तिसरीवर गोळी बसते आणि एक तयार काडतूस पेटीत टपकते. दारू तोलायची नाही, ठरल्या मापाची वाटी आपोआप उलटते. तासाला चारशे! मी कारागीर, माझे डोळे दिपले. यंत्र फार देखणे होते, हे आजही कबूल करतो.

पंधरा दिवसांनी आम्ही मैदानावर गेलो. आठदहा बार झाले आणि मग एकदा मोठ्या आवाजाऐवजी नुसते फुस्स झाले. शेजारी जागच्या जागी थांबले. नळी समोरच ठेवून, वाट पाहून, त्यांनी पिस्तूल उघडले. गोळी नळीत मध्येच अडकली होती. त्या पुंगळीत दारूच पडली नव्हती. एकट्या टोपीच्या जोराने गोळी तेवढी सरकली होती. पुढचा बार त्यांनी काढला असता तर थोरल्या आबांची नळी ओहायोत दुसऱ्यांदा फाटली असती.

मग घडले कसे? दांडा मध्येच अडखळला होता, त्यांनी तो मागेपुढे केला आणि तबकडी एक घर पुढे गेली. असेच उलट होऊन एका पुंगळीत दोनदाही दारू पडू शकते. जुन्या प्रेसवर ठोकळा आणि दिवा होता. नव्या प्रेसने ठोकळा काढून घेतला आणि डोकावण्याचा क्षणही काढून घेतला. यंत्र बिघडले नव्हते. ते आपले काम चोख करते, पण काय केले ते सांगत नाही. शेजाऱ्यांनी घरी येऊन त्या दिवसापर्यंतची सर्व तयार काडतुसे उकलली, सुमारे सहाशे. नंतर दारूच्या घरावर एक छोटा दिवा आणि तिरका आरसा बसवला आणि गोळी हाताने ठेवण्यापूर्वी आत पाहण्याचा नियम केला. तासाला चारशेचे दोनशे झाले. त्यांची पत्नी म्हणाली, “मग जुनी काय वाईट होती?” त्यावर ते गप्प राहिले.

आपल्याकडे हा छंद कोणी सुरू करील म्हणून स्पष्ट सांगतो. १९५९चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू आहे. त्याच्या व्याख्येत दारूगोळा या शब्दात दारूगोळ्याचे सुटे भाग येतात, आणि तो तयार करण्याची यंत्रेही येतात. म्हणजे टेबलावरची ती प्रेस रिकामी असली तरी कायद्याच्या डोळ्यांनी दारूगोळाच. परवान्याशिवाय तो बनवण्याची शिक्षा २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे, जन्मठेपेपर्यंत. काही मंडळींना हे फार कडक वाटते. मलाही पूर्वी वाटे. परंतु भरलेल्या काडतुसात आत काय आहे हे बाहेरून दिसत नाही. कारखान्याच्या काडतुसावर निदान कारखान्याची खूण असते, जबाब कोणाला विचारायचा ते कळते. घरी भरलेल्यावर कोणाची खूण? आणि ते दुसऱ्याच्या हाती गेले तर?

थोरल्या आबांनी बंदूक टाकली नाही. नळी फाटली होती, ती नवी बसवून घेतली. मात्र त्या दिवसापासून आमच्या घरी एक रीत पडली. जो बंदूक भरील त्याने तिच्या तोंडाला तांबडी चिंधी बांधायची, आणि ती चिंधी सोडण्याचा अधिकारही त्याचाच. पुढे बंदूक पोलिसांकडे जमा झाली तेव्हा मी लहान होतो. जमादाराने ती हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि आबांना विचारले, “भरलेली आहे का?” आबांनी दोन बोटांचा हात वर करून नळीचे उघडे तोंड दाखवले आणि म्हणाले, “चिंधी कुठंय?”