काचघरातला कोळी आणि आपली कपाशी
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज युरोपातल्या काचघरांची गोष्ट सांगायची आहे. तुम्ही म्हणाल, आमची कोरडवाहू कपाशी आणि ज्वारी, आम्हाला काचघरातल्या काकडीशी काय देणंघेणं? पण पाठीवर पंप घेतलेला माणूस तिकडचा असो की इकडचा, सापडतो एकाच चरकात. तिकडचे त्यातून कसे सुटले, ते बघू.

१९२६ साली इंग्लंडमध्ये टोमॅटोच्या काचघरात एका बागाइतदाराला पांढऱ्या माशीची पिलं काळी पडलेली दिसली. शास्त्रज्ञांनी पाहिलं, तर आत एका अतिबारीक गांधीलमाशीची पिलं वाढत होती. एन्कार्सिया तिचं नाव. संशोधन केंद्राने ती वाढवून दरसाल लाखांनी वाटली. महायुद्धानंतर डीडीटी आलं आणि ती गांधीलमाशी अडगळीत गेली. मग व्हायचं तेच झालं. औषधांनी मित्रकिडी आधी मेल्या आणि लाल कोळी औषध पचवायला शिकला. १९६७ साली हॉलंडमधल्या यान कॉपर्ट नावाच्या काकडीवाल्याने लाल कोळी खाणारा दुसरा कोळी वाढवायला घेतला. हा परभक्षी कोळी मूळचा चिलीचा, ऑर्किडच्या झाडांबरोबर जर्मनीत आलेला.

खरी गंमत स्पेनमधल्या आल्मेरियाची. तिथे हजारो हेक्टर जमीन प्लॅस्टिकखाली आहे. मित्रकिडींची माहिती तिथल्या शेतकऱ्याला होती, पण पंप खाली ठेवायला कोणी तयार नव्हतं. २००६ च्या अखेरीस त्यांच्या ढोबळी मिरचीत जर्मनीत बंदी असलेल्या औषधाचा अंश सापडला आणि गिऱ्हाईक मागे सरलं. पुढच्या दोन-तीन हंगामांत बहुतेक सगळी ढोबळी मिरची मित्रकिडींवर गेली. अक्कल एका रात्रीत आली असं नव्हे, माल विकला जाईना म्हणून! आपल्या कपाशीला असा गिऱ्हाईक नाही. जिनिंगवर दहा फवारण्यांचा कापूस आणि दोन फवारण्यांचा कापूस एकाच भावात जातो. म्हणजे फवारणी कमी करण्यातला आपला फायदा वाचलेल्या खर्चाचा आणि वाचलेल्या जिवाचा, एवढाच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. त्यामुळे "एवढाच" म्हणताना जीभ अडखळते.

आम्ही शेतकीची पदवी घेऊन गावोगाव फिरलो तेव्हा तारखा बघून फवारणी सांगत होतो. किडी मोजा, असं आम्ही म्हटलंच नाही. ही चूक आमची.

काचघर बंद असतं, सोडलेली कीड आत राहते. आपलं शेत उघडं, विकत आणून सोडलेला ढालकिडा शेजाऱ्याच्या बांधावर जातो. म्हणून आल्मेरियाकडून उचलायची गोष्ट वेगळी आहे. तिथे परभक्षी कोळी मिरचीच्या फुलांतल्या परागावर तग धरतो आणि फुलकिडे, पांढरी माशी येण्याआधीच हजर असतो. आपल्याकडे तेच काम ज्वारी आणि चवळी करतात. ज्वारीवरचा मावा कपाशीवर जात नाही, पण त्याच्यावर पोसलेले ढालकिडे आणि क्रायसोपा कपाशीवर येतात. आपल्या आज्या-पणज्या कपाशीत ज्वारी, तूर टाकत, ते घरच्या दाण्यासाठी. हा लाभ त्यांना फुकटात मिळत होता. आपण सलग कपाशी केली आणि तो घालवला.

एक गोष्ट मात्र लपवायची नाही. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत शिरली की ढालकिड्याचा तिला काही उपाय चालत नाही. अंडी असतानाच ट्रायकोग्रामाचं कार्ड पानामागे टाचलं तर उपयोग, आणि त्याच्या आगेमागे फवारणी केली तर पैसे मातीत. त्यापलीकडे कामगंध सापळे आणि फरदड न ठेवणं. फरदडीचा मोह आम्हाला कळतो, घरात पैसा नसताना उभं पीक उपटायला हात धजावत नाही. पण पुढच्या सालची अळी त्यातच असते.

तेव्हा या पेरणीला कपाशीच्या कडेने ज्वारीची दोन तासं आणि मधेमधे चवळी टाका. पहिले दोन महिने पंप कोपऱ्यात ठेवा, बियाण्याला औषध लावलेलं असतंच. आठवड्याला २० झाडं उलटीपालटी करून बघा. पानामागे सरासरी १० मावा दिसेपर्यंत हात आवरा. मायबहिणी निंदायला जातात, ढालकिड्याची अळी त्यांनी ओळखून घ्यावी. ती काळी, केसाळ दिसते आणि तीच कीड समजून आपण मारतो. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने पानं घेऊन या, इथेच मोजू.