निवासी डॉक्टरांचे अठ्ठेचाळीस तास

(अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाला आयोजकांनी 'तरुण डॉक्टरांचे मनोबल' असे नाव दिले आहे. मी अर्थशास्त्राचा माणूस. मनाविषयी अधिकारवाणीने बोलणे मला शोभणार नाही. परंतु एखाद्या व्यवसायात शिकाऊ माणसांचे मनोबल वारंवार खचू लागले, तर त्यांच्या मनाआधी त्यांच्या कामाचे तास मोजावेत, एवढे माझे शास्त्र मला सांगते.

५ जून १९९२ रोजी केंद्र सरकारने निवासी डॉक्टरांसंबंधी निर्देश काढले. सलग काम सामान्यतः १२ तासांहून अधिक नसावे, आठवड्याचे काम ४८ तासांचे असावे, पाळीपाळीने साप्ताहिक सुटी मिळावी, असे त्यांत होते. 'सामान्यतः' या शब्दाच्या आडोशाने पुढे छत्तीस-छत्तीस तासांच्या पाळ्या रूढ झाल्या. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने अहवाल दिला. त्याच्या पाहणीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचे नमूद केले. उपाय म्हणून दलाने सुचवले की काम आठवड्याला ७४ तासांहून अधिक नसावे आणि एक दिवस सुटी असावी. म्हणजे ३२ वर्षांनंतरची सुधारणा मूळ नियमाहून २६ तासांनी मागे! आणि साप्ताहिक सुटीची मागणी तर नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी १८८४ साली केली होती. १८९० साली ती मालकांकडून मिळवलीही.

असे का होते? निवासी डॉक्टर हा कागदोपत्री विद्यार्थी असतो, वॉर्डात मात्र कामगार. विद्यार्थी म्हणून त्याला कामगार कायद्याचे संरक्षण नाही. कामगार म्हणून त्याला अभ्यासाला सवड नाही. रुग्णालयातील रिक्त पदांचे काम विद्यावेतनावर भागते, मग पदे भरण्याची निकड कोणाला वाटावी? ज्यांच्याकडे दाद मागायची, त्यांच्याच हाती त्याची परीक्षा. शिक्षण अर्धवट सोडावे तर दंडाचा बाँड. काही राज्यांत ती रक्कम ५० लाखांपर्यंत होती. हा बाँड रद्द करावा, असे आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना सुचवले, हे त्याच्या श्रेयाला लिहावे.

अशा माणसाला योगवर्ग आणि 'कणखर बना' हा उपदेश दिला जातो. कणखरपणाला माझा विरोध नाही. पहिला मृत्यू हाताखाली झाल्यावर शेजारी बसून बोलणारा वरिष्ठ लाभला, तर तो येतोही. परंतु झोपेला पर्याय नाही. सलग २४ तास जागलेल्या माणसाचे हात आणि लक्ष मद्याच्या अमलाखालील माणसासारखे चालतात, असे १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले. मद्यपी चालकाला आपण गाडी चालवू देत नाही. झोपेविना तारवटलेल्या तरुणाच्या हाती मात्र सुई देतो. आणि ती टोचली जाते ती सरकारी रुग्णालयाखेरीज दुसरा थारा नसलेल्या माणसाला.

म्हणून हा प्रश्न डॉक्टरांच्या संघटनेवर सोडून आपल्याला मोकळे होता येणार नाही. नातेवाईक डॉक्टरवर धावून जातात, डॉक्टर संपावर जातात, आणि पदे रिकामी ठेवणारे दोघांनाही दिसत नाहीत. आपल्या जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि निवासी डॉक्टरांचे गेल्या महिन्याचे कामाचे वेळापत्रक काय, हे तीन प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारावेत. दहा रुपये शुल्क पडते. अर्जाचा नमुना मी कार्यालयात ठेवला आहे.