नमाजच्या वेळेसाठी आपला माग कशाला?

(सोयगाव येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



फोनमधले जीपीएस आपण कुठे आहोत हे सतत मोजू शकते. हजारो फोनच्या नोंदी एकत्र केल्या की लोक कुठून कुठे, किती वाजता, किती वेगाने जातात ते कळते. गूगल मॅप्सवर गर्दीचा रस्ता लाल दिसतो तो यामुळेच. सोयगावहून जळगावला किंवा सिल्लोडला शिकायला, दवाखान्यात जाणाऱ्यांना एसटी किती वाजता हवी, हेही अशा माहितीतून ठरवता येईल. म्हणून माझा विरोध तंत्रज्ञानाला नाही. माहिती कुणाच्या हाती जाते, हा प्रश्न आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मदरबोर्ड’ने एक बातमी दिली. ‘मुस्लिम प्रो’ हे नमाजच्या वेळा आणि किब्ला दाखवणारे अ‍ॅप. त्यातली ठिकाणांची माहिती एक्स-मोड या कंपनीकडे जात होती, आणि ती कंपनी अमेरिकी लष्कराच्या कंत्राटदारांना माहिती विकत होती. बातमीनंतर मुस्लिम प्रोने हा व्यवहार थांबवला.

कंपन्या म्हणतात, “आम्ही नाव काढून टाकतो.” पण रात्री फोन थांबतो ते घर, दिवसा थांबतो ते काम, शुक्रवारी दुपारी थांबतो ती मशीद. मग नाव कशाला हवे? १५ लाख मोबाइलधारकांच्या नोंदींवरचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. वेळ आणि ठिकाण अशा फक्त ४ नोंदींवरून ९५ टक्के माणसे वेगळी ओळखता येत होती.

आता साधा हिशेब करू. १ अंश रेखांशाला सूर्य ४ मिनिटे घेतो. आपल्या भागात १ अंश म्हणजे सुमारे १०४ किलोमीटर. म्हणजे १० किलोमीटर पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकलात तरी नमाजच्या वेळेत अर्ध्या मिनिटाचाही फरक पडत नाही. मग अ‍ॅपला तुमची गल्ली कशाला हवी? सेटिंगमध्ये ‘अचूक’ स्थान बंद करा, ‘अंदाजे’ ठेवा. जमेल तिथे गावाचे नाव हाताने भरा.

कुणी म्हणेल, “आपल्याकडे लपवण्यासारखे काय आहे?” घराला दार असते ते चोरी लपवायला नव्हे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तो आपल्या घरातही लागू करा. बहिणीच्या फोनवर तिला न विचारता लोकेशन शेअरिंग चालू करणे हीदेखील पाळतच आहे.

एसटीसाठी माहिती जरूर देऊ. पण विचारून घ्या, कशासाठी ते सांगा, आणि काम झाले की पुसून टाका. एवढे मागणे हा आपला नागरिक म्हणून हक्क आहे.