आधी कोणाकडे जायचं?

अधिवेशनासाठी जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांतून आलेल्या माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींनो,

अंबाजोगाईत उभं राहून शास्त्राबद्दल मराठीत बोलताना संकोच वाटायचं कारण नाही. मुकुंदराजांची समाधी इथून हाकेच्या अंतरावर आहे. परंपरा ‘विवेकसिंधु’चा काळ शके १११० सांगते. वेदान्तासारखा विषय लोकांच्या बोलीत मांडता येतो, हे इथल्या मातीनं तेव्हाच पाहिलं. चारशे वर्षांनी दासोपंतांनी वेदान्तातलं पंचीकरण मांडायला लांबलचक पासोडी घेतली. मी वर्गात फळा अपुरा पडला की मला ती पासोडी आठवायची. विषय अवघड आहे म्हणून विद्यार्थ्याला दोष द्यायचा नाही, कापड लांब करायचं.

मी या जिल्ह्यात एकतीस वर्षं संगणकशास्त्र शिकवलं. आज तुमच्यापुढे कृत्रिम बुद्धिमत्तेचा सबंध इतिहास मांडणार नाही. एका माणसाच्या कामाबद्दल बोलणार आहे. त्या कामानं मला माझीच एक जुनी चूक दाखवली, म्हणून बोलणार आहे.

प्रा. मिलिंद तांबे. पिलानीच्या बिट्समधून १९८६ मध्ये ते संगणकशास्त्र शिकून बाहेर पडले. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९१ साली पीएच.डी. झाले. मार्गदर्शक होते ॲलन न्यूवेल, म्हणजे हर्बर्ट सायमन यांच्याबरोबर कृत्रिम बुद्धिमत्तेचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. प्रबंधाचा प्रश्न यंत्राच्या पोटातला होता: नियम शिकत जाणारं यंत्र शिकता शिकता मंद का होतं आणि ते कसं थांबवायचं. त्यानंतरची बहुतेक वर्षं लॉस एंजेलिसच्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात गेली. २०१९ पासून ते हार्वर्डमध्ये आहेत.

नव्वदच्या दशकात ते संगणकातल्या ‘संघां’वर काम करत होते. आभासी हेलिकॉप्टरांचा ताफा होता. टेहळणीला पुढे गेलेलं एक पडलं, आणि मागचे सगळे त्याच्या निरोपाची वाट पाहत तिथेच थांबून राहिले. प्रत्येकाला आपापलं काम नेमून दिलेलं होतं, पण ‘आपण मिळून काय करतो आहोत’ हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं. संघानं सामाईक उद्दिष्ट कसं धरायचं आणि कुणी गळला तर काम कसं वाटून घ्यायचं, हे त्यांनी गणितात बसवलं.

मग २००७ चा ऑगस्ट. लॉस एंजेलिसच्या विमानतळावर येणारे रस्ते अनेक, इमारती आठ, आणि पोलीस व श्वानपथकं मोजकी. रोज ठरल्या जागी, ठरल्या वेळी नाकाबंदी केली तर पाळत ठेवणाऱ्याला चार दिवसांत सगळं कळतं. आपल्याकडे ज्वारीची राखण करणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. राखणदार रोज एकाच वेळी बांधावरून फिरला, तर रानडुकरंसुद्धा वेळ ओळखतात. पण नुसतं मनाला येईल तसं फिरणंही चालत नाही, कारण कणसं भरलेला तुकडा जास्त जपावा लागतो. तेव्हा अनिश्चितता हवी, पण तोलून मापून हवी. तांबे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी खेळ-सिद्धान्त वापरून ती वेळापत्रकात आणली. पुढे तीच पद्धत विमानात बसणाऱ्या सुरक्षा अधिकाऱ्यांसाठी आणि बोस्टन बंदरावरच्या तटरक्षक दलासाठी वापरली गेली.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, बरं, हुशार माणूस, मोठं काम. मला खरी गोडी यानंतरच्या कामात वाटते.

तीच राखणीची पद्धत त्यांनी जंगलात नेली. शिकाऱ्यांनी लावलेले फास शोधत वनरक्षकांनी कुठून फिरावं, हे संगणक सांगणार होता. २०१४ मध्ये आधी युगांडात आणि मग मलेशियाच्या जंगलात चाचणी झाली. नकाशावर चौकोन आखले होते, एका चौकोनातून दुसऱ्यात सरळ रेघ. प्रत्यक्षात त्या रेघेवर डोंगर उभा. गणितात चढ नव्हता! चालणारा माणूस चढउतार टाळून डोंगराच्या धारेनं जातो, आणि जनावरंही बरीचशी तिथूनच जातात. हे कळल्यावर धारा, ओढे, वाटा यांचं जाळं नव्यानं नकाशात भरावं लागलं, आणि मग कुठे आखलेल्या वाटेवरून माणसांना चालता आलं. हा भाग मी वाचला तेव्हा मला बालाघाटातला मेंढपाळ दिसला. त्याला पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर त्यानं काठीनं दाखवलं असतं. तांब्यांच्या कामाचं मला वाटणारं मोल हे की त्यांचे विद्यार्थी तिथवर चालत गेले, चूक पायांना कळू दिली आणि ती शोधनिबंधात लिहिली.

लॉस एंजेलिसमध्येच बेघर तरुणांत एचआयव्हीची माहिती पोचवायचं काम त्यांनी समाजकार्याचे प्राध्यापक एरिक राईस यांच्या जोडीनं केलं. थोड्याच तरुणांना प्रशिक्षण देता येणार, मग कोणाला निवडायचं? नेहमीची रीत अशी की ज्याचे मित्र जास्त तो घ्या. पण अशा सगळ्या लोकप्रिय मुलांचे मित्र तेच ते असतात. गावात ग्रामसभेचा निरोप द्यायला पारावर रोज बसणारे चौघे निवडले, तर पारावरच्यांनाच तो चार वेळा मिळतो, आणि वस्तीवरच्या बाईला एकदाही मिळत नाही. संगणकानं निवडलेली मुलं वेगवेगळ्या टोळक्यांतली होती. त्यांच्यामार्फत माहिती कितीतरी दूरवर गेली.

आता मुंबईकडे येऊ. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये स्थापन केलेली ‘अरमान’ ही संस्था गरोदर आणि नवमातांना दर आठवड्याला फोनवर ध्वनिसंदेश पाठवते. गोळ्या कधी घ्यायच्या, तपासणीला कधी जायचं, बाळाला काय द्यायचं. सेवा मोफत आहे, वेळही बाईनंच निवडायची. तरी काही आठवड्यांनी बऱ्याच जणी ऐकणं सोडतात. संस्थेची माणसं स्वतः फोन करून बोलली तर काही जणी परत ऐकू लागतात, पण नोंदणी झालेल्या बायका हजारो आणि फोन करणारी माणसं हाताच्या बोटांवर.

हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना कसा सांगेन? दुष्काळात मोसंबीची बाग आहे आणि आठवड्याला एकच टँकर मिळतो. काही झाडं पाणी न देताही तग धरतील. काही इतकी वाळली आहेत की एका टँकरनं त्यांना पालवी फुटणार नाही. मधली काही अशी, की आज पाणी मिळालं तर जगतील, नाही तर जातील. शिवाय ज्यांना पाणी दिलं नाही ती झाडं आहे तशी थांबून राहत नाहीत. कुणाला वळवाची सर लागते, कुणी आणखी सुकतं. दर आठवड्याला सगळी बाग नव्यानं पाहावी लागते. या कोड्याला गणितज्ञ पीटर व्हिटल यांनी १९८८ मध्ये वाट दाखवली: प्रत्येक झाडामागे, ‘पाणी दिल्यानं नेमका किती फरक पडेल’ याचा एक अंक काढा आणि ज्याचा अंक मोठा त्याच्याकडे आधी जा.

तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अरमान’च्या फोनांसाठी हेच केलं. सुमारे २३,००० मातांचे तीन गट केले आणि सात आठवडे पाहिलं. एका गटाला नेहमीसारखे संदेश, दुसऱ्याला जोडीला क्रमानं फोन, तिसऱ्याला संगणकानं सुचवलेल्या क्रमानं फोन. तिसऱ्या गटात ऐकणं सोडण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटलं. आणि क्रमानं केलेल्या फोनांचा? म्हणण्यासारखा फायदाच झाला नाही. फोन तितकेच, कष्ट तितकेच. २०२२ पासून ही पद्धत ‘सहेली’ या नावानं संस्थेच्या रोजच्या कामात आहे. या प्रयोगावरच्या शोधनिबंधाच्या लेखकांत डॉ. हेगडे यांचंही नाव आहे. हे मी मुद्दाम सांगतो. ज्यांचा प्रश्न, त्या लेखकही.

याच कामाच्या पुढच्या टप्प्यात एक गोष्ट समोर आली, जी आपल्या वर्गांत भिंतीवर लिहावी अशी आहे. यंत्राचा अंदाज अधिक अचूक झाला म्हणजे त्यावर घेतलेला निर्णय अधिक चांगला होतोच असं नाही. तेव्हा यंत्राला शिकवतानाच निर्णयाच्या फळावर नजर ठेवून शिकवायचं. आपण प्रकल्प तपासताना पहिला प्रश्न काय विचारतो? ‘अचूकता किती टक्के आली?’ मीही आयुष्यभर तेच विचारलं.

आता माझी चूक सांगतो. धारूर तालुक्यातली एक मुलगी माझ्याकडे दुसऱ्या वर्षाला होती. त्या वर्षी माझ्या विद्यार्थ्यांनी हजेरीची प्रणाली बनवली होती, आणि मी ती येईल त्या पाहुण्याला अभिमानानं दाखवत होतो. दिवाळीनंतर ती मुलगी दिसेना. प्रणालीनं नियमाप्रमाणे पत्र काढलं, घरी पाठवलं. घराला कुलूप होतं, पत्र परत आलं. एप्रिलमध्ये ती आली तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत उसाच्या पाचटानं चिरलेले हात होते. वडिलांनी ऊसतोडीची उचल घेतलेली, आई आजारी, जोडीचा कोयता अपुरा पडत होता म्हणून ती आईच्या जागी गेली. परीक्षेचा अर्ज राहून गेला होता. माझ्या प्रणालीतल्या तिच्या सगळ्या गैरहजेऱ्या बिनचूक होत्या. एकही चुकीची नोंद नाही. आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ‘सर, आधी हिच्या घरी जा’ असं ती प्रणाली मला सांगू शकली असती, कारण त्यासाठी लागणारं सगळं तिच्यात होतं. मी तो प्रश्नच विचारला नव्हता. ती मुलगी पुन्हा महाविद्यालयात आली नाही.

मित्रहो, आपल्या जिल्ह्यात ‘आधी कोणाकडे’ हा प्रश्न पुस्तकातला नाही. २०१९ मध्ये शासनाच्या समितीसाठी ऊसतोड महिलांची पाहणी झाली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. आरोग्यसेविका तेवढ्याच, आशाताई तेवढ्याच, आणि दसरा-दिवाळीला निघालेली टोळी कधी कोल्हापूरकडे, कधी कर्नाटकात. यादी इथं, बाई तिथं.

आणि इथे तांब्यांची पद्धत जशीच्या तशी उचलून चालणार नाही, हे मी ठासून सांगतो. कोप्यांवर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांत, बहुतेकदा फोन एक, तोही नवऱ्याच्या खिशात. पहाटे फडात गेलेली बाई अंधार पडल्यावर मोळ्या भरून परतते. तिनं संदेश ऐकला नाही की यंत्र म्हणेल, हिला रस नाही. ती नोंद मलेशियाच्या नकाशासारखी असेल: रेघ सरळ, डोंगर गायब. मोसंबीच्या उदाहरणालाही इथे मर्यादा आहे. झाड हाताबाहेर गेलं म्हणून सोडता येतं, बाई सोडता येत नाही. फोनच्या पलीकडे असलेल्या बाईसाठी वेगळी माणसं ठेवावी लागतील. यंत्रानं वाचवलेला वेळ तिच्याकडे वळवायचा, असं आधीच ठरवावं लागेल. हे ठरवणारा माणूस आपल्या वर्गात घडावा अशी माझी तळमळ आहे, आणि तो आपल्या मुलांतून घडेल असा विश्वासही आहे, कारण कोपीत फोन कुणाकडे असतो हे त्यांना माहीत आहे. हार्वर्डच्या प्रयोगशाळेला ते विचारावं लागेल.

अभ्यासक्रम बदलायला आपल्या हातात फार नाही. प्रकल्प मात्र आपल्या हातात आहेत. या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येक गटानं विषय ठरवण्याआधी एका कामकरी माणसाजवळ दोन दिवस बसावं. रेशन दुकानदार, बाजार समितीतला हमाल, टँकरची फेरी लावणारा कर्मचारी, हंगामी वसतिगृह चालवणारे गुरुजी, कुणीही. काय कमी पडतं आणि ते वाटताना कोण मागे राहतं, हे मराठीत दोन पानं लिहून आणावं. ती दोन पानं नसतील तर प्रकल्पाला मान्यता देऊ नका. संगणकाची भाषा कोणती वापरली हे नंतर बघू.

उद्या सकाळच्या सत्राबद्दल मी संयोजकांना एक विनंती केली होती आणि त्यांनी ती मान्य केली आहे. केज, धारूर आणि वडवणी तालुक्यांतल्या आशाताई आणि गेल्या हंगामात तोडीला जाऊन आलेल्या काही बायका येणार आहेत. साडेनऊला सुरुवात. पडदा आणि प्रोजेक्टर बंद राहील. पहिली रांग त्यांच्यासाठी मोकळी ठेवा, आणि येताना वही आणा. आधी त्या बोलतील.