धमनी : नांव आणि अर्थ

वैद्य नाडी पाहतो तेव्हां त्याच्या बोटांखालीं जी रक्तवाहिनी उसळते, तिला धमनी म्हणतात. शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु त्याच्या पोटांत रक्त नाहीं, वारा आहे. संस्कृतांत ‘धमति’ म्हणजे ‘फुंकतो’. लोहाराच्या भात्याचें काम या नांवानें सुचविलें आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत नाभीपासून निघणाऱ्या अशा २४ धमन्या सांगितल्या आहेत.

नवल असें कीं, ग्रीकांचीहि कल्पना अशीच होती. इंग्रजी ‘आर्टरी’ ज्यापासून आला तो ‘आर्टीरिया’ हा ग्रीक शब्द श्वासनलिकेलाहि लावीत असत. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया येथील एरासिस्ट्राटस यानें धमन्यांतून रक्त नव्हे, प्राणरूप वारा वाहतो, असें शिकविलें. ही समजूत अगदींच निराधार नव्हती. मृत्यूनंतर धमन्या आकुंचन पावून आपलें बरेंचसें रक्त पुढें लोटतात. प्रेत चिरणारास त्या रिकाम्या आढळतात. मग जिवंत माणसाची धमनी कापली असतां रक्त कां उडतें? वारा निसटून जातो व त्याच्या जागीं शिरांतील रक्त धांवून येतें, हें त्याचें उत्तर होतें.

ख्रिस्तोत्तर दुसऱ्या शतकांत गेलेननें हें उत्तर पारखून पाहिलें. जिवंत जनावराची धमनी त्यानें दोन ठिकाणीं दोऱ्यानें बांधली व मधला भाग चिरला. बाहेरून रक्त येण्यास वाट नव्हती. तरी आंत रक्तच निघालें. तथापि तें रक्त हृदयांतून निघून पुन्हां हृदयांतच परत येतें, हें विल्यम हार्वेनें सिद्ध करण्यास १६२८ साल उजाडावें लागलें. धमन्या व शिरा जोडणाऱ्या सूक्ष्म केशवाहिन्या मालपीगीला दिसल्या, त्या १६६१ सालीं.

मराठी वैद्यकग्रंथांत धमनीला ‘रोहिणी’, म्हणजे तांबडी, व शिरेला ‘नीला’ अशींहि नांवें रूढ झालीं. वारा गेला, त्याच्या जागीं रंग आला. पण येथेंहि अपवाद आहे. हृदयाकडून फुफ्फुसांकडे जाणाऱ्या रोहिणींतलें रक्त काळसर असतें, आणि फुफ्फुसांकडून परतणाऱ्या नीलांतलें लालभडक. म्हणून शास्त्र आज रंग पाहत नाहीं, दिशा पाहतें : हृदयापासून दूर रक्त नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर. शब्द जुनाच राहिला आहे. त्याचा अर्थ मात्र एका दोऱ्याच्या दोन गांठींनीं बदलण्यास प्रारंभ झाला.