कोलेस्टेरॉलची गोळी : लाभ-हानीचा ताळेबंद

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत वैद्यकीय विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा पाठ)



संस्थेचा जमाखर्च आपणांसमोर नुकताच मांडण्यात आला. आम्ही एका निराळ्या ताळेबंदाविषयी चार शब्द बोलू इच्छितो. "मला काही त्रास नाही, मग ही गोळी जन्मभर कशासाठी?" असा प्रश्न बाह्यरुग्ण विभागात आम्हांस वारंवार विचारला जातो. हा प्रश्न रास्त आहे. दुखणे थांबले की औषध थांबवावे, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. कोलेस्टेरॉलच्या औषधाला मात्र तो लागू पडत नाही. कारण हे औषध आजच्या दुखण्यावर नाही, उद्याच्या धोक्यावर आहे.

कोलेस्टेरॉल हा शरीराचा शत्रू नव्हे. पेशींची आवरणे, पित्तरस आणि अनेक संप्रेरके त्यापासूनच घडतात. त्याचा बराचसा भाग आपले यकृतच तयार करते. म्हणूनच माळकरी, शाकाहारी माणसाचा अहवालही कधी कधी वाढलेला निघतो आणि घरची मंडळी चकित होतात. सारा दोष तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर ढकलणे बरोबर नाही. तथापि मटणाची चरबी, तूप आणि नारळ यांच्या अतिरेकाने रक्तातील एलडीएल वाढते, हेही तितकेच खरे. हे एलडीएल वर्षानुवर्षे रोहिणीच्या अस्तरात साचत राहते. एके दिवशी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि झटका येतो.

जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी हजारो बुरशींची तपासणी करून १९७३ मध्ये कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारे द्रव्य शोधले. त्यातून स्टॅटिन हा औषधवर्ग जन्मास आला व १९८७ पासून तो अमेरिकेत वापरात आला. यकृतातील निर्मिती मंदावली की यकृत रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात खेचून घेते, ही त्याची कार्यपद्धती.

आता जमेची बाजू पाहू. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे साडेपाच वर्षांत औषधाविना दर शंभरांत साधारण १२ रुग्ण दगावले, तर औषध घेणाऱ्यांत ८. पुढील वर्षी स्कॉटलंडमधील ६,५९५ पुरुषांचा अभ्यास आला. त्यांना पूर्वी झटका आलेला नव्हता, केवळ कोलेस्टेरॉल वाढलेले होते. पाच वर्षांत औषधाविना शंभरांत सुमारे ८ जणांना झटका वा हृदयविकाराने मृत्यू आला. औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण साडेपाचच्या आसपास राहिले.

दोन्ही ठिकाणी "जवळजवळ तीस टक्के घट" असेच म्हटले जाते. पण व्यापारी बांधव जाणतातच, की टक्के किती यापेक्षा ते कोणत्या रकमेवर, हे महत्त्वाचे. मुळात धोका मोठा असेल तर त्याचा तिसरा हिस्सा टळणे ही मोठी प्राप्ती ठरते. धोकाच अल्प असेल तर लाभही अल्प. म्हणून आम्ही केवळ कोलेस्टेरॉलचा आकडा पाहून चिठ्ठी लिहीत नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि घराण्यातील हृदयविकार यांचा एकत्र विचार करतो.

आपल्या लोकांबाबत एक विशेष सावधगिरी आवश्यक आहे. दक्षिण आशियातील माणसांस पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांहून सुमारे सहा वर्षे आधी, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःची तुलना एका ब्रिटिश सहकाऱ्याशी केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. परंतु शरीरातील चरबी त्या सहकाऱ्याची ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिकांची २१.२ टक्के! अंगकाठी सडपातळ आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये, हा त्याचा बोध.

आता खर्चाची बाजू. ती झाकून ठेवणे आम्हांस मान्य नाही. काहींचे स्नायू दुखतात. क्वचित यकृताच्या तपासण्या बिघडतात. अत्यंत विरळा प्रसंगी स्नायूंची झीज होऊन मूत्रपिंडांस इजा पोहोचते. अशाच मृत्यूंमुळे सेरिव्हास्टॅटिन हे औषध २००१ मध्ये बाजारातून मागे घेण्यात आले. काही प्रतिजैविकांसोबत हा धोका वाढतो. गरोदरपणी ही गोळी सामान्यतः बंद ठेवतात. मधुमेहाची शक्यताही किंचित वाढते : २०१० च्या एकत्रित विश्लेषणानुसार २५५ जणांनी चार वर्षे औषध घेतल्यास एकास अधिकचा मधुमेह होतो. पंचाहत्तरीपुढील, पूर्वी हृदयविकार नसलेल्या व्यक्तींबाबत पुरावा अद्याप तोकडा आहे.

मात्र प्रत्येक दुखण्याचे खापर गोळीवर फोडणेही योग्य नाही. त्रासामुळे औषध सोडलेल्या ६० जणांना ब्रिटनमध्ये वर्षभर कधी खरी गोळी, कधी औषध नसलेली हुबेहूब गोळी, तर कधी काहीच नाही, असे देण्यात आले. २०२० मधील निष्कर्षानुसार खऱ्या गोळीवर जाणवलेल्या त्रासापैकी नव्वद टक्के त्रास खोट्या गोळीवरही जाणवला. त्रास खोटा नव्हता. त्याचे कारण बहुतांशी भीती हे होते. पुढे त्यांतील निम्म्या रुग्णांनी औषध पुन्हा सुरू केले.

सारांश असा : ज्यांना झटका येऊन गेला आहे, अँजिओप्लास्टी वा बायपास झाली आहे, त्यांच्या बाबतीत लाभाचे पारडे निःसंशय जड आहे. अहवाल सुधारला म्हणून त्यांनी गोळी सोडू नये. तो गोळीमुळेच सुधारलेला असतो. ज्यांचा धोका मध्यम आहे, त्यांनी डॉक्टरांशी बसून विचारविनिमय करावा. ज्यांचा धोका अल्प आहे, त्यांनी आधी आहार, चालणे आणि तंबाखूत्याग यांचा अवलंब करावा. गोळी चालू असली तरी या तिन्हींपासून कोणाचीच सुटका नाही.

आप्तजनांस आमची एवढीच विनंती : शेजाऱ्याच्या सांगण्यावरून गोळी सुरू करू नका आणि मोबाईलवरील निरोप वाचून बंद करू नका. स्नायू दुखू लागले किंवा लघवीचा रंग काळपट झाला, तर तत्काळ कळवा. मात्रा घटवता येते, औषध बदलता येते. आणि मूळ नावाने मिळणारी स्वस्त औषधे उपलब्ध असताना केवळ खर्चापायी कोणी उपचार सोडत असेल, तर संकोच न बाळगता आम्हांस सांगा. देणगीदारांनी दिलेला पैसा अशाच कामी यावा, हीच त्यांचीही इच्छा असेल, असा आमचा विश्वास आहे.